आभाळाची आग आणि चार दगड

वैशाखातल्या उन्हाला स्वतःचा वास असतो. तापलेल्या मातीचा, कडुलिंबाच्या वाळक्या फुलांचा आणि मधूनच, वारा फिरला की, जळक्या गवताचा. काल सकाळी इथे शिरूरला गच्चीवर कुरडया घालत होते, तेव्हा तो शेवटचा वास आला आणि मी हातातला सोऱ्या तसाच धरून उभी राहिले. लांब माळावर धुराची बारीक रेघ दिसत होती. आता जिना चढताना मला मधे थांबावं लागतं, पण धूर दिसला की पाय अजून शिवशिवतात.

आणि नेमका संध्याकाळी निखिलचा फोन आला. तिकडे कोलोरॅडोत शाळेत वादविवाद आहे. डोंगरातल्या जंगलात वीज पडून आग लागली तर ती विझवावी की जळू द्यावी, हा विषय. निखिलने ‘जळू द्यावी’ची बाजू घेतली आहे, म्हणून सानिकाने ‘विझवावी’ची. “आजी, तू कुणाच्या बाजूने?” दोघांनी एकदम विचारलं. मी म्हटलं, लिहून सांगते. फोनवर सांगायला गेले असते तर भराभर बोलून सगळं उलटसुलट करून टाकलं असतं, आणि उलटसुलट मला चालत नाही हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या चमच्यांच्या खणावरून तुम्ही दोघं मला किती हसता.

म्हणून आज सगळं जागच्या जागी ठेवून सांगते. निदान प्रयत्न करते.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. तुमचे आजोबा रेल्वेत होते, आम्ही दौंडला राहायचो आणि मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. दौंडचा उन्हाळा म्हणजे कोळशाचा धूर, इंजिनाच्या शिट्ट्या आणि पत्र्याखाली तापलेले वर्ग. मे महिन्याची सुट्टी लागली की मी एसटीत बसून सासरी निघायचे. भीमा ओलांडली, की हळूहळू झाडं विरळ व्हायची, घरं मागे पडायची आणि माळ सुरू व्हायचा. कवठे येमाईच्या अलीकडे आमचं गाव. गावाला लागून ओढा, ओढ्याच्या पलीकडे गावाचं कुरण.

कुरण हा शब्द तुम्हाला चित्रातून कळणार नाही. पावसाळ्यात तिथे गवत गुडघ्याच्या वर येतं, दिवाळीनंतर ते कापून गंजी रचतात, आणि जे कापायचं राहून जातं ते उभ्या उभ्या वाळत जातं. मे महिन्यात त्याचा रंग सिंहाच्या अंगासारखा व्हायचा. वारा सुटला की या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लाट जायची आणि तिच्या मागे दुसरी. मी समुद्र पाहिला तो पुढे पुष्कळ वर्षांनी. पाहून मनात म्हटलं, हा तर आमच्या कुरणासारखाच आहे, फक्त ओला. त्या गवतात पाऊल टाकलं की साडीच्या काठाला कुसळं चिकटायची, ती संध्याकाळी पायरीवर बसून एकेक उपटायची. चंडोल पक्षी सरळ आभाळात चढत जायचा, दिसेनासा व्हायचा, पण त्याचं गाणं वरून पडतच राहायचं.

या कुरणाला आग लागली की गावात पहिला प्रश्न विचारला जाई तो असा : “कुणाची?”

दौंडला आग लागली तर लोक विचारत, कुठे लागली, किती मोठी. इथे आधी तिचा मालक शोधायचा. कुणी विडी टाकली, कुणी चूल तशीच सोडून गेला, तर ती माणसाची आग. ती लगेच, असतील तेवढ्या हातांनी विझवायची, आणि ज्याच्याकडून लागली त्याला वर्षभर चारचौघांत ऐकून घ्यावं लागायचं. पण वीज पडून लागली तर ती आभाळाची आग. ती विझवायची नाही. तिला कुरण खाऊ द्यायचं आणि आपण कडेला बसून तिची राखण करायची, जनावर चरायला सोडून आपण बांधावर बसतो तशी. गावात कधी कुणी पाटी लावून हे लिहिलं नव्हतं, पण नियम सगळ्यांना पाठ होता.

मला अर्थातच तो पटला नाही. मी नवी सून, बी. ए. झालेली. आग दिसली की ती विझवायची, यात विचार करण्यासारखं काही असतं हेच मला माहीत नव्हतं.

अशाच एका सुट्टीत, दुपारी, मी आणि सासूबाई माळवदावर कुरडया घालत होतो. माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर. जुनं लुगडं पसरायचं आणि त्यावर ओळीने कुरडया. मी पट्टी लावल्यासारख्या सरळ ओळी घातल्या होत्या, आणि मग लुगड्याच्या टोकांवर दगड ठेवायला लागले.

“मावळतीकडच्या दोन टोकांवर ठेव, बास झालं,” सासूबाई म्हणाल्या.

“आणि या दोन?”

“ती कशाला? उन्हाळ्यात वारा मावळतीकडनंच येतो. माझ्या लग्नापासून तिकडनंच येतोय. उगं दगड हुडकत हिंडू नको.”

दोन टोकं मोकळी, दोन टोकांवर दगड. माझ्या डोळ्यांना ते टोचत होतं. पण सुनेने किती बोलायचं याचाही एक नियम होता, म्हणून गप्प बसले.

पूर्वेकडे ढग जमत होते. पाऊस पडेल असे नव्हते, नुसते काळे, कोरडे, आतल्या आत गुरगुरणारे. आणि एकदम सगळं पांढरं झालं. कुरणाच्या मधोमध हिवराचं एक एकटं झाड होतं, त्यावर वीज पडली. आवाज कानांनी ऐकला असं म्हणता येणार नाही, तो छपरातून तळपायांत शिरला. सासूबाई मटकन खाली बसल्या आणि पुन्हा पुन्हा देवीचं नाव घेऊ लागल्या. मी उभीच राहिले. झाडाच्या बुंध्याशी आधी धूर आला, अगदी पांढरा, आणि मग गवतात एक नारिंगी फट पडली.

आमचं घर गावाच्या कडेला, ओढ्यावरच. माणसं आमच्या भिंतीखालीच गोळा झाली. आबा, म्हणजे माझे सासरे, धोतर खोचत पुढे आले.

“कुणाची?”

“आभाळाची, आबा. समद्यांनी बघितली.”

“आत कुणाचं काय हाय?”

हा दुसरा प्रश्न. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. “कुणाचं काय न्हाई,” कुणीतरी म्हणालं. “अमिनाची गंजी हाय तेवढी. पर ती पार मावळतीच्या टोकाला, गाडीवाटंला. आगीच्या पाठीमागं पडती. तिला काय धक्का न्हाई.”

अमिनाचाची आमच्या शेजारच्या. त्यांचे यजमान बैलांना नाल मारायचे, बाजारच्या दिवशी गावोगाव फिरायचे. त्यांना शेत नव्हतं. होत्या त्या दोन म्हशी, आणि त्या म्हशींच्या दुधावर घर चालायचं. आमच्यासारख्यांच्या गंजी आपापल्या रानात, ओढ्याच्या अलीकडे. चाचींना गंजी रचायला जागा ती कुरणातलीच. घराजवळ गवत ठेवलं तर आगीची भीती, म्हणून त्यांनी ती मुद्दाम लांब, कुरणाच्या टोकाला रचली होती. पाऊस पडून नवं गवत येईपर्यंत म्हशींच्या तोंडात घालायला त्यांच्याकडे तेवढंच होतं.

मी धडाधडा जिना उतरले. “आबा, विहिरीपासून बायकांची रांग लावते. हातोहात घागरी पोचवू. अजून आग लहान आहे.”

माझ्या पदराकडे बघत गेनूआप्पा म्हणाला, “सूनबाई, आग विझंल वो. पर उद्या विहिरीत घागर सोडली तर ती बी कोरडीच वर येईल. मग समद्यांनी तुमच्या बुकातलं पाणी प्यायचं का?”

हा गेनूआप्पा आबांचा चुलतभाऊ. पुण्याहून आलेल्या कुठल्याही वस्तूची टर उडवणं हे त्याचं मुख्य काम, आणि माझं माहेर पुण्याचं होतं.

आबा हसले नाहीत. म्हणाले, “विझवू की. आज विझवली, फुडच्या साली विझवली, त्याच्या फुडच्या साली बी. गवतावर गवत साठत जाईल. मग एक दिस आशी पेटंल की वढा उडी मारून गावात येईल. आत्ता तिला खाऊ दे. खाल्लं की ती चार वरसं गप ऱ्हाती.”

“आणि टिटवीची अंडी आहेत तिथे. ससे आहेत.”

“हायत,” आबा म्हणाले. “ते हायतच.”

हे ‘हायत’ मला अजून आठवतं. त्यांनी ते नाकारलं नाही आणि त्याचं काही समर्थनही केलं नाही.

मी परत माळवदावर गेले. आणि खरं सांगू, घाबरायचं विसरून गेले. निखिल, सानिका, मी तसं सुंदर काही पुन्हा पाहिलेलं नाही. आग मावळतीच्या वाऱ्याबरोबर ओढ्याकडे येत होती, एका लांबच लांब ओळीत, कडकड आवाज करत, आणि तिच्या मागे जमीन काळी होत होती, पाटी पुसावी तशी. आगीच्या पुढे टोळ उडत होते, हजारोंनी, आणि त्यांच्यावर कोतवाल, निळे तास पक्षी, घारी अशा तुटून पडत होत्या की आभाळात जत्रा भरली होती. एक घार तर धुरात शिरून पुन्हा बाहेर आली. चिंकारा हरणांची जोडी ओढ्यात उतरली, माणसांच्या अगदी जवळून गेली, आणि कुणी त्यांच्याकडे हातही उगारला नाही. ओढ्याच्या काठाने माणसं तरवडाच्या ओल्या फांद्या घेऊन बसली होती. ठिणगी अलीकडे पडली की एक फांदी उठायची, सपकन आवाज यायचा, पुन्हा बसायची. अमिनाचाची तांब्या घेऊन सगळ्यांना ताक वाढत फिरत होत्या. “प्या रे, प्या,” त्यांचं मोठ्याने चाललं होतं, “आगीची राखण करताय, नवरदेवाचे वऱ्हाडी तुमी.”

तेवढ्यात माझ्या मागे फडफड झाली.

मी वळून पाहिलं. लुगडं अर्ध्यात दुमडून पडलं होतं. ज्या दोन टोकांवर दगड नव्हते ती उचलून पलीकडे गेली होती, आणि माझ्या सरळ ओळींचा ढीग झाला होता. मी रागाने ती टोकं पकडायला वाकले, आणि वाकल्यावाकल्याच थांबले. उगवतीकडची टोकं उचलली होती. म्हणजे वारा उगवतीकडून आला होता.

वर पाहिलं. ढग पुढे सरकले होते. त्यांच्या पोटाखालून थंड वाऱ्याचा झोत सुटला होता, आणि खाली ओढ्यापाशी पोचलेल्या ज्वाळा कुणी मान पिरगाळावी तशा मागे वळत होत्या. ओढ्याकडचं सगळं जळून काळं झालं होतं, तिकडे आता खायला काही नव्हतं. पण हिवरापाशी आगीची मागची कड धुमसत होती, आणि तिच्या पलीकडे, मावळतीला, सगळं गवत अजून उभं होतं. आणि त्याच्या टोकाला एकटी पिवळी गंजी. तिथे एकही माणूस नव्हता. सगळ्यांनी दगड एकाच बाजूला ठेवले होते.

मी वरूनच हाक मारली. “आबा, वारा फिरला. चाचींची गंजी.”

सुनेने सासऱ्यांना छपरावरून हाक मारायची नसते. हे मला गंजीपाशी पोचल्यावर आठवलं.

आम्ही गाडीवाटेने धावलो. आबा, गेनूआप्पा, आणखी काही माणसं, अमिनाचाची, आणि मी. चाचींच्या हातात अजून ताकाचा तांब्या होता. आग लांब होती, पण तिचा आवाज वाढत होता. माणसांनी गंजीच्या भोवतीचं गवत विळ्यांनी कापून मागे फेकायला सुरुवात केली. आबांनी चाचींना बाजूला घेतलं.

“अमिना, ऐक. नुसतं कापून भागणार न्हाई. फुडनं पेटवून पट्टा काळा करावा लागंल. त्यात गंजी गेली तर घरटी गवताचा एक भारा तुझ्या दारात येईल, माझ्या घरचे दोन. सबूद हाय.”

“भारे नको, आबा,” चाची म्हणाल्या. “गंजी ऱ्हाऊ द्या. लोकाच्या भाऱ्यातलं म्हस खाती, पर आपल्याला गिळत न्हाई.”

आबांनी काडेपेटी काढली आणि त्यांच्यापुढे धरली. हाही नियम. ज्याची गंजी, त्याच्याच हातात काडी. दुसऱ्याने लावली आणि बिघडलं, तर त्या दोन घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलणं राहणार नाही.

“आत्ता न्हाई,” आबा म्हणाले. “आत्ता लावली तर ह्यो वारा ती तुझ्याच गंजीत घालंल. मोठी आग जवळ आली की वारा स्वतःकडं वढती. खालचा वारा उलटा फिरतो, थोडाच वेळ. तवा लावायची. म्हंजी आपली आग तिच्याकडं धावंल. लवकर न्हाई, उशिरा बी न्हाई.”

“कळायचं कसं, आबा? धुरात मला काय दिसतंय?”

तेव्हा गेनूआप्पाने माझ्याकडे बोट दाखवलं. “ही हाय की. हिचं पुण्याचं पातळ कशासाठी हाय? चिलटानं उसासा टाकला तरी हलतंय. आमच्या बायांची लुगडी वादळात बी हलायची न्हाईत.”

मी व्हॉइलचं, झिरझिरीत सुती पातळ नेसले होते. गावात त्याला सगळे हसायचे. मी पदराचं टोक दोन बोटांत धरून हात लांब केला. ते माझ्या मागे, गंजीकडे उडत होतं. समोरून आग येत होती आणि चेहरा भाजत होता. माझ्या शेजारी चाची काडी धरून वाकल्या होत्या, आणि त्यांच्या दोन म्हशींच्या तोंडचा घास माझ्या दोन बोटांत होता. माझ्यावर इंग्रजीच्या परीक्षेतसुद्धा कधी एवढी जबाबदारी आली नव्हती.

“सांग गं बाई,” चाची पुटपुटल्या.

“नाही अजून.”

“आता?”

“नाही, चाची.”

पदर उडायचा थांबला. लोंबकळला. आणि मग तो हळूच, अगदी हळूच, समोर उचलला गेला. आगीकडे.

“लावा.”

पहिली काडी विझली. दुसरी लागली. चाचींनी ती गवतात खुपसली आणि दोन पावलं धावत जाऊन तिसरी. माणसांनी आपल्या बाजूला येऊ पाहणारी ज्वाळ फांद्यांनी झोडपली, आणि आमची छोटी आग, आमच्या पायाशी जन्मलेली, अंग गोळा करून समोर पळत सुटली, मोठ्या आगीच्या दिशेने. मधे कुठेतरी दोघी भेटल्या. एक उंच ज्वाळ उठली, आभाळाला लागेल अशी. आणि मग काही नाही. नुसता धूर, आणि टिकटिक वाजणारी गरम जमीन.

धूर सरला तेव्हा सगळ्या काळ्या माळावर ती एकच पिवळी गंजी उभी होती. अमिनाचाची तिला टेकून खाली बसल्या. तिथूनच म्हणाल्या, “ताक कुठं सांडलं माझं?” आणि मग सगळेच इतके हसलो की आबांनासुद्धा उपरण्याने डोळे पुसावे लागले. धुरामुळे, असं ते म्हणाले.

घरी आले तर सासूबाई माळवदावर बसून मोडक्या कुरडया गोळा करत होत्या. माझ्या तोंडावरची काजळी त्यांनी पाहिली. दुसऱ्या दिवशी कुरडया घालताना त्यांनी स्वतः उठून चार दगड आणले.

पुढे पंधरवड्याने, वळवाच्या दोन सरी पडून गेल्यावर, मी कुरणात गेले. काळ्या जमिनीतून हिरवे कोंब आले होते, इतके दाट आणि कोवळे की चालायला जीव होत नव्हता. चिंकारा परत आले होते. म्हशींना चाची मुद्दाम तिकडे नेत. हिवराच्या एका फांदीला पालवी होती. आणि त्याच्याजवळच्या खडकाळ जागेत टिटवीचं घरटं सापडलं. अंडी तडकली होती, आणि टिटवी अजून त्या जागेभोवती ओरडत फिरत होती. सानिका, हे तुझ्यासाठी लिहिते आहे. आबा जे ‘हायत’ म्हणाले होते ते हेच. वादविवादात निखिल कितीही छान बोलला तरी हे तू विसरू नकोस, आणि निखिल, तूही विसरू नकोस.

आता त्या कुरणाच्या मोठ्या भागात ऊस आहे. तोडणी झाली की लोक उसाचं पाचट पेटवतात, काल मी पाहिलेली धुराची रेघ बहुधा तीच. ती माणसाची आग. तिच्या कडेला फांदी घेऊन कुणी बसत नाही, आणि आत कुणाचं काय आहे, हे कुणी विचारत नाही.

तर मी कुणाच्या बाजूने? जळू द्यावी, असं मला त्या दिवसापासून वाटतं. निखिल, तुझी आजी तुझ्या बाजूने आहे. पण जळू द्या असं म्हणणाऱ्याने ओढ्याच्या काठावर फांदी घेऊन बसलं पाहिजे. आबांसारखा आपल्या घरचा भारा आधी कबूल केला पाहिजे. लांब घरात बसून, दुसऱ्याच्या गंजीवर, ‘जळू द्या’ म्हणणं फार सोपं आहे. तुझं भाषण संपल्यावर सानिकाने तुला एवढंच विचारावं : आत कुणाचं काय आहे, आणि वारा फिरला तर तिकडे कोण उभं आहे? याचं उत्तर तुला देता आलं, तर तू जिंकलास.

आज सकाळी पुन्हा गच्चीवर गेले. कालच्या कुरडया अजून ओल्या होत्या, त्या उलटून घातल्या. वारा मावळतीकडूनच होता, माझ्या लग्नापासून येतोय तसा. मागच्या सुट्टीत तुम्ही तुमच्या घरामागच्या नदीतले गुळगुळीत गोटे माझ्यासाठी आणले होते ना, “आजी, शोकेसमध्ये ठेव” म्हणून? ते शोकेसमध्ये नाहीत. ते वाळवणावर आहेत, चारही टोकांना एकेक.